शकुंतलेची तारीख सांगा : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी आठला लाखपुरीहून फोन आला की माझ्या पत्नीचे थोरले भाऊ गेले. आम्ही पथ्रोटजवळ राहतो. अर्ध्या तासात निघालो. अंजनगावपर्यंत ऑटोने, तिथून दर्यापूरपर्यंत खचाखच भरलेल्या गाडीत उभ्याने, आणि दर्यापूरला पुढचे वाहन मिळेपर्यंत तासभर रस्त्याच्या कडेला उन्हात. मंडळींनी होईल तेवढी वाट पाहिली, पण उन्हाचे दिवस, फार वेळ थांबता येईना. आम्ही पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतून अंगणात हातपाय धूत होते. पत्नीला भावाचे तोंड दिसले नाही. रात्री ती एवढेच म्हणाली, “लग्न झाल्यापासून मी या गावाच्या स्टेशनावर उतरून चालत घरी येत होते.”

पथ्रोट आणि लाखपुरी ही दोन्ही अचलपूर–मूर्तिजापूर या रेल्वेमार्गावरची स्टेशने आहेत. या गाडीला आम्ही शकुंतला म्हणतो. ती सावकाश चाले, हे खरे आहे. 76 किलोमीटरला चार तास लागत. पण एकदा पथ्रोटला बसले की मध्ये कुठे उतरावे लागत नसे. अंजनगावला विड्याच्या पानांच्या करंड्या चढत, बनोशा या दर्यापूरच्या स्टेशनावर दर्यापूरकर चढत, आणि मूर्तिजापूरला पलीकडच्या फलाटावर मुंबई–नागपूर मार्गाची गाडी मिळे. गार्डच उतरून तिकिटे देई. लांबून कोणी हात करीत पळत येताना दिसला तर ड्रायव्हर थांबत असे, आणि डब्यातले कोणी त्याबद्दल कुरकुर करीत नसे.

महोदय, या गाडीचा इतिहास आपल्या मंत्रालयाला मी सांगावा, हे मला शोभत नाही. पण तो विसरला गेला आहे असे दिसते, म्हणून सांगतो. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरला नेण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे अडीच फुटी रूळ टाकले. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला, मिळून सुमारे 190 किलोमीटर. मँचेस्टरलाच 1921 मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत या मार्गावर धावले. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण आमची मात्र कंपनीच्याच मालकीची राहिली, आणि दर दहा वर्षांनी करार वाढवून चालवली गेली. मार्ग कंपनीचा म्हणून सरकारने पैसा घातला नाही, आणि गाडी सरकार चालवते म्हणून कंपनीने घातला नाही. रुळांखालचे स्लीपर कुजले, वेग कमी करावा लागला, वेग कमी झाल्याने प्रवासी घटले, आणि शेवटी मार्ग सुरक्षित नाही असे सांगून आधी यवतमाळची आणि मग आमची गाडी बंद करण्यात आली. हा मार्ग असुरक्षित कोणी होऊ दिला, हा प्रश्न कोणत्याच कागदावर मला दिसला नाही.

2016 मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज करण्याचा शब्द आपल्या मंत्रालयाने दिला. दीड हजार कोटींचा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आला आणि ते कात्रण माझ्याजवळ आजही आहे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2017 मध्ये, मुंबई–अहमदाबाद या 508 किलोमीटरच्या बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. तिला माझा विरोध नाही. पण ज्या देशाला समुद्राखालून बोगदा खणण्याचे नियोजन करता येते, त्याला सपाट काळ्या मातीतून 76 किलोमीटर रूळ बदलता येत नाहीत, हे मी मानायला तयार नाही. आमच्यासाठी पैसा नाही असे कोणी तोंडावर सांगत नाही. सांगतात की सर्वेक्षण चालू आहे. गेल्या महिन्यात एका कार्यालयात मी तिसऱ्यांदा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा हे काम आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे विचारा, असे सांगण्यात आले. त्या दुसऱ्या ठिकाणाहून मला आधीच इकडे पाठवले होते. पस्तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या माणसाला टेबलासमोर उभे ठेवून बोलणाऱ्याने मान वर केली नाही, याचेही दुःख आहे.

अचलपूर ही एके काळची वऱ्हाडची राजधानी. आजही या शहराची वस्ती लाखाच्या वर आहे आणि तिथे एकही प्रवासी गाडी येत नाही. रुळांत बाभळी माजल्या आहेत. माझी नात चार वर्षांची आहे. तिने स्टेशन पाहिले आहे, गाडी पाहिलेली नाही. अचलपूर, मूर्तिजापूर आणि यवतमाळ या तिन्ही ठिकाणी लोकांनी आंदोलने केली. प्रत्येक वेळी निवेदन स्वीकारले गेले, छायाचित्र काढले गेले, आणि निवेदनाचे पुढे काय झाले ते कळले नाही. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या तोंडी शकुंतला असते. निकाल लागल्यावर तिचे नाव निघत नाही.

माझी मागणी एकच आहे. अचलपूर–मूर्तिजापूर मार्गाचे काम कोणत्या महिन्यात सुरू होणार आणि पहिली गाडी कोणत्या वर्षी धावणार, हे आपल्या सहीने लेखी कळवावे. काम होणारच नसेल तर तेही तसेच लेखी कळवावे, म्हणजे अर्ज घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या खेपा तरी वाचतील.

येत्या रविवारी लाखपुरीला तेरवी आहे. या वेळी उशीर होऊ नये म्हणून आम्ही शनिवारीच निघणार आहोत.

आपला,
पथ्रोट परिसरातील एक निवृत्त शिक्षक