स्वस्त देश कोणाच्या पासपोर्टवर?

महोदय,

‘कुठूनही काम करा, स्वस्तात राहा’ अशा देशांच्या याद्या हल्ली पुरवण्यांतून वरचेवर येतात. घरून काम करणारी पुण्या-मुंबईतली कितीतरी तरुण मंडळी त्या वाचून खरोखरच बेत आखतात, भाड्याचं घर सोडतात, ऑफिसात बोलणी करतात. म्हणून हे लिहावंसं वाटलं. या याद्या मुळात अमेरिकन किंवा युरोपीय माणसाचा पगार आणि पासपोर्ट धरून केलेल्या असतात. आपण त्या जशाच्या तशा उचलल्या की हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो.

जॉर्जियाचंच बघा. तिथली राजधानी तिबिलिसी यादीत हमखास असते, कारण नव्वदहून अधिक देशांच्या नागरिकांना तिथे व्हिसाशिवाय वर्षभर राहता येतं. त्या देशांत भारत नाही. बालीचं नावही असतंच. पण इंडोनेशियाच्या रिमोट कामासाठीच्या ‘ई३३जी’ व्हिसाला वर्षाला ६० हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे पन्नास लाख रुपयांच्या वर. एवढं कमावणाऱ्याला स्वस्त देश शोधायची गरजच काय?

आपल्या आवाक्यातले पर्याय त्यामुळे दोन-तीनच उरतात. त्यातला थायलंडचा रिमोट कामासाठी चालणारा ‘डीटीव्ही’ व्हिसा जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. मुदत ५ वर्षं, एका खेपेला १८० दिवस मुक्काम, फी साधारण १० हजार बाट. उत्पन्नाची अट सौम्य आहे, पण खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात; बाट अडीच-पावणेतीन रुपयांचा धरला तर साडेबारा ते चौदा लाख रुपये. अर्ज अडतो तो इथेच. भावाकडून, मामाकडून घेऊन आठवडाभर आधी भरलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यांत येते. पैसे काही महिने खात्यात मुरलेले हवेत. सोबत कंपनीचं पत्र लागतं आणि त्यात ‘परदेशातून काम करण्यास हरकत नाही’ हे स्पष्ट शब्दांत हवं. नुसतं नोकरीचं प्रमाणपत्र पुरत नाही. अर्ज थायलंडच्या बाहेर असतानाच करायचा. नाकारला गेला तर फी परत मिळत नाही.

आता तिथल्या घराचं. उत्तर थायलंडातल्या चियांग माई शहरात एका खोलीचा बरा फ्लॅट ८ ते १५ हजार बाटला मिळतो, हे यादीत असतं. वर्षाच्या करारावर दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ द्यावं लागतं आणि मुदतीआधी घर सोडलं तर डिपॉझिट जातं, हे नसतं. करार करताना विजेची ओळ नीट वाचावी. सरकारी दर युनिटला चार बाटांच्या आसपास असतो. पुष्कळ इमारतींचे मालक सात-आठ लावतात. एप्रिलच्या उकाड्यात एसी दिवसभर चालला की हा फरक भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत जातो. दुसरी गोष्ट, परदेशी भाडेकरू आल्याची खबर मालकाने २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची असते. तो फॉर्म ‘टीएम३०’. मालकाने तो भरला नसेल तर मुदत वाढवायच्या वेळी खिडकीवरून परत पाठवतात. डिपॉझिट हातात ठेवण्यापूर्वी एवढं एक विचारून घ्यावं.

आणि धूर. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडात शेतातला पालापाचोळा आणि जंगलं जळतात, डोंगरांच्या खोलगट भागात धूर कोंडून राहतो. ज्यांना दमा आहे त्यांनी तिथे वर्षाचा करार करूच नये. बाकीचेही या दिवसांत दक्षिणेच्या बेटांवर पळतात आणि दोन ठिकाणचं भाडं भरतात. हे सगळं धरलं तर एकट्या माणसाचा महिना ३० ते ३५ हजार बाटांखाली बसत नाही. पुण्यात वन बीएचके घेऊन राहणाऱ्याला हे स्वस्त नाही. लंडनहून येणाऱ्याला आहे.

मलेशियाचा रिमोट कामासाठीचा ‘डीई रांताऊ’ पास २०२२ पासून मिळतो. संगणक क्षेत्रातल्यांना वर्षाला २४ हजार डॉलरची अट, बाकीच्यांना ६० हजारांची; म्हणजे हिशेबनीस किंवा अनुवादक यांना तो जवळपास बंदच. फी १ हजार रिंगिट, मुदत ३ ते १२ महिने, पुढे आणखी १२ महिने वाढते. आयटीतल्या माणसाला पहिल्यांदा जायचं असेल तर मी तिथलं पेनांग बेट सुचवेन. इंग्रजी चालतं, जॉर्ज टाउनच्या लिटल इंडियात शाकाहारी जेवण कोपऱ्यावर मिळतं. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने सकाळी दहाचं ऑफिस तिथे दुपारी साडेबाराला सुरू होतं.

व्हिएतनाममध्ये असा व्हिसाच नाही. लोक ९० दिवसांच्या ई-व्हिसावर राहतात. तो पर्यटनाचा आहे, कामाचा नाही, हे लक्षात ठेवून ठरवावं. अर्जात मराठी माणसाची एक चूक ठरलेली: पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि अर्जात ते गाळलं जातं. मग विमानतळावर काउंटरवरच अडतं. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भरावं. शिवाय आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा असतो. व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा मानतं. तिथे भाड्याची स्कूटर चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

सर्वांत मोठा गैरसमज कराचा: वर्षाचा बहुतेक काळ बाहेर राहिलं की इथला कर सुटतो, असं वाटतं. पण एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की माणूस करासाठी इथला रहिवासी ठरतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला थायलंडला गेलेला आणि पुढच्या सप्टेंबरअखेर परतलेला माणूस घ्या. अकरा महिने तो बाहेर आहे. पण एप्रिल ते ऑक्टोबर हे २१० हून अधिक दिवस भारतात काढल्याने पहिल्या आर्थिक वर्षी तो इथला रहिवासी, आणि ऑक्टोबर ते मार्चचे १८२ दिवस भरल्याने दुसऱ्या वर्षीही. दोन्ही वर्षी जगभरच्या उत्पन्नावर कर इथे. थायलंडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. तिथे १८० दिवस भरले की तिथलाही रहिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न तिथे आणलं तर तिथे करपात्र. दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याची सवलत कागदपत्रं दिल्यावरच मिळते. तेव्हा तिकीट काढण्याआधी कॅलेंडर घेऊन दिवस मोजावेत आणि पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

आपल्याला विनंती अशी, की यापुढे अशी यादी छापताना प्रत्येक देशापुढे भारतीय पासपोर्टवर मिळणारा मुक्काम, रुपयांतली उत्पन्नाची किंवा शिल्लक रकमेची अट आणि डिपॉझिटसकट पहिल्या महिन्याचा खर्च हे तीन रकाने द्यावेत. भाड्याचा आकडा त्यांच्या नंतर आला तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे