भाजी-फळे उपक्रम : दुसरी पाहणी येत्या गुरुवारी

बचत गटाच्या सर्व ताईंनो, सकाळी ९ वाजता समाजमंदिरात या. वही आणि वजनकाटा सोबत हवा.

गेल्या उन्हाळ्यात नोंदवलेल्याच घरी जायचे. मराठवाड्यात हिवाळ्यात भाजी मुबलक, उन्हाळ्यात महाग. म्हणून या उन्हाळ्याची तुलना गेल्या उन्हाळ्याशीच.

• "रोज भाजी खाता का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. काल सकाळपासून काय खाल्ले, ते जेवणागणिक विचारा. घरातल्या बाईचे ताट वेगळे लिहा. तिच्या वाट्याला बहुधा उरलेलेच येते, आणि तेच आपल्याला कळायला हवे.
• बटाटा, रताळे धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले भाजी-फळांचे रोजचे किमान ४०० ग्रॅम असे पिष्टमय कंद सोडून आहे.
• विकतची, परसबागेतली आणि रानातली (तांदुळजा, घोळ) भाजी वेगळी नोंदवा. खरेदी घटूनही खाणे वाढलेले असू शकते.
• काल उपवास असेल तर शेरा लिहा.

वह्या शनिवारपर्यंत सचिवताईंकडे द्या.