आईच्या वहीत नसलेले साठ हजार

पुणे, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि माझं सांगायचं राहून जातं. दिवाळीपासून तीनदा राहिलं, म्हणून लिहायला बसले. पत्र आधी आईनं वाचायचं. बाबा, तुम्ही तोवर चष्मा शोधा.

आई, तुझ्या डोक्याला काहीही झालेलं नाही. बाकीचं नंतर, आधी हे.

गुरुवारी रात्री बाबांचा फोन आला होता. जिन्यात उभं राहून बोलत होते, आवाज अगदी बारीक. पासबुक छापून आणलं, त्यात दिवाळीत दहा-दहा हजार सहा वेळा काढलेले दिसतात, पुढं चाळीस आणि वीस हजार रोख भरलेले दिसतात, आणि आईच्या वहीत यातलं काहीच नाही. उलट वहीत "एटीएममधून ५,०००" असं आहे, ते पासबुकात नाहीत. तू म्हणे तीन रात्री वही आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवून बसलीस. गॅसच्या वर चिठ्ठी लावलीस, "बंद केला का?" दाराच्या कडीपाशी दुसरी, "किल्ली". चौतीस वर्षं मुलांना पाढे शिकवलेली बाई आता स्वतःचा हिशेब तीनदा मोजते, आणि तरी तिला खात्री वाटत नाही. बाबा शेवटी म्हणाले, "तुझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं."

आजीचं मला आठवतं. शेवटी ती तुलाच विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या? त्यामुळं तू कशाला घाबरलीस हे मला बाबांनी वेगळं सांगायला नको होतं.

ते साठ हजार तू काढले नाहीस आणि भरलेही नाहीस. ते माझ्यामुळं गेले आणि मीच परत भरले.

धनत्रयोदशीची संध्याकाळ आठव. तू मला तुझं कार्ड दिलंस, पिन सांगितलास (कुठला ते इथं लिहीत नाही, बाबा हे पत्र शेजारच्या काकांना वाचून दाखवतील) आणि म्हणालीस, पाच हजार आण, येताना मोती चौकातनं पेढे घे. मी पोवई नाक्याच्या अलीकडच्या एटीएमला गेले. आत दोन मशीन. एकावर "बंद आहे" असा कागद चिकटवलेला, दुसऱ्यापुढं रांग. माझ्यामागं एक पंचवीसेक वर्षांचा मुलगा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, तेही उलटं पडलेलं. हे उलटं पडलेलं मला आत्ता आठवतंय, तेव्हा नुसती फीत दिसली आणि वाटलं, कुठल्यातरी ऑफिसातला आहे.

मी पिन दाबला आणि स्क्रीन तशीच थांबून राहिली. तो म्हणाला, "ताई, चिप वाचत नाहीय. कार्ड काढून पुसून घाला." तेवढ्यात दारातनं दुसऱ्यानं विचारलं, "आत पैसे आहेत का हो?" मी मान वळवून "माहीत नाही" म्हणाले. दोनच शब्द. वळून बघते तर कार्ड ह्या मुलाच्या हातात. रुमालानं पुसत होता, आपल्याकडं पाहुणे चष्म्याची काच पुसतात तसं, अगदी मन लावून. पुसून माझ्या हातात दिलं. मी घातलं, पिन दाबला, "पिन चुकीचा आहे". पुन्हा तेच. "मशीनच बिघडलंय ताई, राजवाड्याच्या बाजूला जाऊन बघा," असं म्हणून तोच माझ्याआधी बाहेर पडला. मी त्याला थँक्यू म्हटलं. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

राजवाड्याकडं इतकी गर्दी होती की मी तुझं कार्ड पुन्हा काढलंच नाही. माझ्या कार्डानं पाच हजार काढले आणि तुला दिले. म्हणजे तू वहीत लिहिलेले ५,००० खरे आहेत, आई. फक्त ते तुझ्या खात्यातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान झालं. तू उटण्याच्या हातानं मोबाईल माझ्याकडं सरकवलास आणि म्हणालीस, "वाच गं, कुणाकुणाच्या शुभेच्छा आल्यात." मी वाचायला लागले. मावशीचा, तुझ्या शाळेतल्या जोशीबाईंचा, आणि मध्येच बँकेचे सहा. संध्याकाळी सात वाजून चार ते सात वाजून अकरा, या सात मिनिटांत चार वेळा दहा हजार. मग रात्री बारा वाजून सात आणि बारा वाजून नऊ, पुन्हा दोनदा. रोजची मर्यादा चाळीस हजारांची, तारीख बदलली की नवी सुरू होते. ते बारा वाजायची वाट बघत कुठंतरी चहा पीत बसले असणार, आणि आपण घरी किल्ल्यावर मावळे मांडत होतो. रात्री दहाला जरी मी ते कार्ड उलटून बघितलं असतं तरी वीस हजार वाचले असते.

मी ते सहा मेसेज गाळून पुढच्या शुभेच्छा वाचल्या. आवाजसुद्धा हलला नाही माझा. तू हसत होतीस. मग मी ते पुसून टाकले.

तुझ्या पर्समधलं कार्ड काढलं तर रंग तोच, बँक तीच, नाव मात्र कुणा पुरुषाचं. मागच्या पट्टीवर थरथरत्या अक्षरात सही होती, शेवटचं अक्षर पट्टीच्या बाहेर गेलेलं. माझ्याआधी त्यांनी कुणा म्हाताऱ्या माणसाला गाठलं होतं, आणि त्याचं बंद पडलेलं कार्ड माझ्या हातात ठेवलं होतं. ते मी नंतर बँकेत जमा केलं. त्या आजोबांनी घरी सांगितलं असेल का, हे माझ्या मनातून जात नाही.

रांगोळीचे रंग आणते म्हणून मी बाहेर पडले ती यासाठी. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभी राहून तुझ्याच मोबाईलवरून कार्ड बंद केलं. मग १९३० लावला. पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घ्यायचा हा सरकारी नंबर. तिकडच्या बाईंनी विचारलं, खातेदाराचं नाव? आणि मी फोन ठेवला. नाव सांगितलं की पुढं तुझी सही लागणार, तुला सांगावं लागणार. दिवाळीचा दिवस, तू करंज्या तळत होतीस. खोटं कशाला बोलू, करंज्यांचं निमित्त झालं. मला लाज वाटली.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटी गेले, तेव्हा तुम्ही पेपर आपटून म्हणाला होता, यंत्राचा भरवसा नाही, माणूस बरा. तेव्हापासून मी तुम्हाला शिकवत आले. कार्डाची चिप काय, ओटीपी काय, पिन दाबताना दुसरा हात वर धरायचा. आणि तुमच्या लेकीला, जी दिवसभर ऑफिसात लोकांच्या हिशेबातल्या चुका शोधते, तिला एका रुमालानं फसवलं. पूर्वी कार्डामागच्या काळ्या पट्टीतली माहिती चोरून दुसरं कार्ड बनवायचे. रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१८ अखेरपर्यंत चिपची कार्डं द्यायला लावली. चिपची नक्कल करणं अवघड, म्हणून चोर परत हातचलाखीवर आला. कार्डच पळवायचं आणि पिन मागं उभं राहून बघायचा.

यातलं तुम्हाला काही नवीन नाही. सातारा–फलटण एसटीवर कंडक्टर असताना तुम्ही सांगायचा ना, पाकीटमार कधी एकटा नसतो. एक धक्का देतो, "काय राव" म्हणून आपण त्याच्याकडं बघतो, तेवढ्यात दुसरा काढतो आणि तिसऱ्याकडं देतो. ही गोष्ट मी निदान पन्नासदा ऐकली असेल. माझा धक्का म्हणजे "आत पैसे आहेत का हो?" एवढाच होता.

भाऊबीज झाल्यावर निघण्याआधी मी बँकेत गेले. ओळखीच्या एकीचं झालंय असं सांगितलं. समोरच्या साहेबांना बहुतेक कळलं, पण दाखवलं नाही त्यांनी. म्हणाले, खातेदारानं स्वतः लेखी द्यावं लागतं. मग विचारलं, पिन घरच्या कुणाला सांगितला होता का? मी गप्प. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम असा की बँकेची चूक नाही, आपलीही नाही, पैसे तिसऱ्याच कुणी काढले, तर बँकेनं कळवल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केली की आपल्यावर काही येत नाही. पण निष्काळजीपणा आपला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान आपलं, तक्रारीनंतरचं बँकेचं. आणि पिन दुसऱ्याला सांगणं निष्काळजीपणात बसतं, तो दुसरा पोटचा असला तरी. मला हे आधी माहीत नव्हतं असं नाही. आईचं कार्ड घेऊन जाणं ही आपल्या घरात मदत असते, बँकेच्या कागदावर तो नियमभंग असतो, एवढाच विचार मी कधी केला नव्हता.

मग मी तो नाद सोडला आणि माझ्या आरडीतले पैसे मोडले. जावयांना माहीत आहे, त्यांनीच सांगितलं होतं की आईंना सांगून टाक. मी ऐकलं नाही. माझ्या खात्यातून पाठवले असते तर पासबुकात माझं नाव आलं असतं, म्हणून रोख भरले. एका दिवसात पन्नास हजारांच्या वर रोख भरली असती तर पॅन लागला असता, म्हणून चाळीस एका दिवशी आणि वीस दुसऱ्या दिवशी. बघ, चोरी लपवायला माझी अक्कल कशी चालली. आणि नवीन कार्ड पोस्टानं आलं तेव्हा तुला सांगितलं, जुन्याची मुदत संपली होती. ती संपली नव्हती.

मला वाटलं होतं पैसे जागेवर आले, म्हणजे मिटलं. तू वही आणि पासबुक ताडून बघणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. लहानपणी मी वाण्याकडून आणलेल्या साखरेतले चार आणे सुटले तर तू मला परत पाठवायचीस. तरी मी गृहीत धरलं की आईला काही कळणार नाही. चोरानं मला जे समजलं, तेच मी तुला समजले.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. आल्यावर तुझ्या सहीचा अर्ज बँकेत देऊ आणि पोलीस ठाण्यात तक्रार करू. पैसे मिळतील अशी मला आशा नाही. रोख काढलेली रक्कम खात्यात अडवता येत नाही, ती त्याच रात्री त्यांच्या खिशात गेली. कॅमेऱ्यात त्या निळ्या फितीचा चेहरा असेल, पण ते चित्रण काही जन्मभर ठेवत नाहीत आणि मी अडीच महिने घालवले. तरीही तक्रार करायची, कारण ते दुसरं कार्ड ज्यांचं होतं त्यांचीही कुठंतरी तक्रार असेल, तर दोन्ही जोडून तरी बघतील.

नवीन कार्डाची रोजची मर्यादा आपण कमी करून घेऊ. ऑनलाइनचा व्यवहार बंदच ठेवू, तुला तो लागत नाही. आणि पैसे काढायला तुम्ही दोघं मिळून जा, बँक उघडी असताना, बँकेच्या दाराशीच असलेल्या मशीनवर. बाबांनी पाठ मशीनकडं आणि तोंड रांगेकडं करून उभं राहायचं. बाबा, तुम्ही गाडीत मागच्या दारापाशी उभे राहायचा तसे. कुणी "पुसून देतो" म्हणालं तर तुम्हाला काय बोलायचं ते मी शिकवायची गरज नाही, फक्त आईसमोर जरा बेतानं.

आई, तू मला रागावशील. रागव. पण गॅसवरची चिठ्ठी आजच काढ. बाबा, त्या डॉक्टरांकडं नंबर लावला असेल तर फोन करून सांगा की येत नाही.

आणि वहीचं ऑक्टोबरचं पान फाडलं नसशील तर तसंच ठेव. तुझ्या ५,००० वर काट मारलीस असं बाबा म्हणत होते. त्याच्या खाली सहा ओळी मी माझ्या हातानं लिहिते, वेळेसकट.

तुमची,
छकुली

ता. क. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दाखवून ठेव. मार्क बाबांना देऊ देऊ नकोस, ते फार देतात.