आमच्या पॅरिशमधल्या अंकलना

प्रिय अंकल,

तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही 'चहा घे गो' म्हणून विषय बदलता. म्हणून आता चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही. गोव्यातल्या आपल्या साष्टी तालुक्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपलं सिमितेर कसं सजतं ते काय सांगायचं! चुना काढलेली थडगी, शेवंतीचे ढीग, ओळीओळीने पवित्र पाणी शिंपडत जाणारे पाद्री विगार. आमच्या वसईतही हा दिवस असाच पाळतात, फक्त मिस्सा मराठीत असते. पण मेणबत्त्या लावून झाल्या की माणसं घरी जातात आणि वर्षभर मरणाचं नाव काढत नाहीत. तुम्ही मात्र त्याच संध्याकाळी हॉलच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसता, लोकांना मृत्युपत्र करायला मदत करत. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जन्म गेलेला माणूस, निवृत्तीनंतर खरं म्हणजे मासे गळाला लावत बसायचा.

सासूबाई तुमच्यासमोर बसल्या त्या मुळी उठून जाण्याच्या तयारीने. मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो, अशी त्यांची पक्की समजूत. तुम्ही ती खोडायला गेला नाहीत. 'कपाटाची चावी कोणाकडे?' एवढंच विचारलंत. मग गॅस कोणाच्या नावावर, आणि सासऱ्यांचा कोंफ्रारीचा, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळाचा, तांबडा झगा, ओपमूस, कोणाला द्यायचा. ओपमुसाचं नाव निघालं आणि त्यांनी माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं.

कायदा तुम्ही नंतर काढलात, तोही बोटांवर. लग्नाने घर दोघांचं. सासऱ्यांचा अर्धा भाग मुलांकडे गेलेला. उरलेला अर्धा सासूबाईंचा, पण त्यातलाही अर्धा मुलांसाठी राखीव. मनासारखा देता येतो तो घराचा पाव हिस्साच. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली ही वाटणी २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही तशीच ठेवली, हे तुमच्याकडून कळलं. मुंबईतल्या खोलीला तिकडचा कायदा लागेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तुम्ही सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पुढे केलात: गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता भारतात दुसरीकडे असली तरी वारसा इथल्याच कायद्याने. माझ्या नवऱ्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

पाव हिस्सा सासूबाईंनी नणंदेला दिला. रात्री-अपरात्री उठून आईचं सगळं तीच करायची. धाकट्या दिराला हे इंग्लंडात स्विंडनला फोन करून आईनेच सांगावं, वकिलाने नव्हे, हा हट्ट तुमचा. तो फोन अवघड होता. पण त्या गेल्यावर सक्सेशन डीडच्या, म्हणजे वारस नोंदवण्याच्या दस्ताच्या, वेळी एकानेही आवाज चढवला नाही, आणि आमच्या घराण्यात हे नवलच म्हणायचं.

मृत्युपत्रापेक्षाही मला मोलाचं वाटतं ते वहीचं पान, तुम्ही वेगळं लिहून घेतलेलं. ऐन पावसात त्या गेल्या, तेव्हा आम्ही तेच उघडलं. 'बँड पाहिजे, स्वस्तातला नको. फुलांची चक्रं कमी आणा, त्या पैशांत भिकाऱ्यांना जेवण घाला. एक वाचन सुनेने मराठीत करावं.' ही शेवटची ओळ त्यांनी मला कधी दाखवली नव्हती. दहनाबद्दलही लिहिलं होतं, कारण तुम्ही सांगितलंत की चर्चने १९६३ पासून त्याला परवानगी दिली आहे, फक्त रक्षा घरी ठेवायची किंवा उधळायची नाही. त्यांनी मातीच निवडली. जागा कायमची नाही, काही वर्षांनी हाडं भिंतीतल्या कोनाड्यात जातील, हे माहीत असूनही.

काही लोक म्हणतात, मृतांच्या दिवशी मालमत्तेच्या गोष्टी शोभत नाहीत. मला हे पटत नाही. ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो त्यांच्याच घरांचे दावे कोर्टात वर्षानुवर्षं पडून असतात, आणि ओसाड घरांची छपरं आपल्याच वाड्यावर कोसळताहेत.

यंदा आम्ही दोघं येणार आहोत. आमचं लग्न आणि नोंदणी दोन्ही वसईची, म्हणून आमचं गणित वेगळं. आधी वकिलाला विचारा, असं तुम्ही बजावलं होतंत. विचारलं आहे, कागद फाइलला लावले आहेत. टेबल मात्र या वेळी हॉलच्या आत घ्या. व्हरांड्यात पंखा नाही, आणि रांग वाढत चालली आहे.

तुमची,
वसईची सून