विषय: तुमच्या 'सुरक्षा' ॲपने पुसून टाकलेला कापूस वेचणीचा हिशोब

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

काल तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला आणि चहा गाळून होईपर्यंत मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. नेमकं काय निकाली निघालं ते कळलं नाही, म्हणून हे पत्र. फोनचं मॉडेल, अपडेटचा क्रमांक, स्क्रीनशॉट सगळं त्या तक्रारीत आहे. पुन्हा लिहीत नाही. माल तुमचा आहे, तुम्हाला ठाऊक असेलच.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. पुण्याच्या कंपनीचं काम दारव्हा तालुक्यातल्या घरी बसून करतो, लाइन असते तेव्हा. गावातल्यांसाठी एक लहानसं ॲप लिहिलं. वेचणीला आलेल्या बाईचं नाव, त्या दिवशीचं वजन, किलोचा दर, घेतलेली उचल आणि बाजाराच्या दिवशी किती चुकारा द्यायचा, बस. खातं नाही, ओटीपी नाही, जाहिरात नाही. इंटरनेटची परवानगीसुद्धा मागितलेली नाही, आणि ती मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्या जिथे लिहिलेल्या असतात तिथे, नसेल तर अँड्रॉइडवर ॲपला स्वतःहून नेटवर्ककडे फिरकताही येत नाही. तुमच्या इंजिनिअरला हे माहीत असणार. ॲपची एपीके, म्हणजे थेट फोनवर टाकायची फाइल, ब्लूटूथने आणि व्हॉट्सॲपवरून घरोघर गेली. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाली तेव्हापासून काही घरांचा सगळा हिशोब त्यातच होता.

मग तुमच्या फोनमधल्या 'सुरक्षा' ॲपचं अपडेट आलं. शेजारच्या काकांच्या फोनवर अख्खा पडदा लाल झाला: 'धोकादायक ॲप सापडले'. खाली अंगठ्याएवढं बटण, 'आता साफ करा'. 'तरीही ठेवा' हे त्याच्याखाली, राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. काकांनी मोठं बटण दाबलं. कोणीही तेच दाबेल, ते त्यासाठीच काढलंय. ॲप गेलं, आणि ॲपसोबत त्याचा डेटाही गेला, कारण काढून टाकलेल्या ॲपची खाजगी जागा अँड्रॉइड पुसतोच. नंतर हिरवी खूण आली, 'तुमचा फोन सुरक्षित आहे', आणि त्या खुणेच्या बरोब्बर खाली झटपट कर्जाची जाहिरात. यवतमाळ जिल्ह्यात, शेतकऱ्याच्या फोनवर. तुमच्यातल्या कुणाला हे मांडताना काहीच वाटलं नाही?

बाजाराच्या दिवशी काकांच्या ओसरीवर बाया बसल्या होत्या आणि कुणाचे किती किलो, कुणाची उचल किती, यावरून वाद. बायांना आपापलं वजन तोंडपाठ असतं म्हणून निभावलं, नाहीतर पऱ्हाटी (कपाशी) उभी आणि वेचायला माणूस नाही, अशी वेळ होती.

आता तुमची हेल्पलाइन. सगळं ऐकून घेतल्यावर बाई म्हणाल्या, "सर, ये ॲप हमारे स्टोअर का नहीं है. आप ॲप के डेव्हलपर से संपर्क कीजिए."

म्हटलं, मॅडम, डेव्हलपर मीच आहे.

थोडा वेळ नुसता की-बोर्ड वाजला. "जी सर. तो आप उनसे बोलिए कि ॲप स्टोअर पे डाल दें."

म्हटलं, बोललो, तो ऐकत नाही.

"ठीक है सर, उनका नंबर दीजिए, हम नोट कर लेते हैं." मी माझाच नंबर दिला. त्यांनी तो वाचून दाखवला आणि म्हणाल्या, सर, हा तर तुमचाच नंबर आहे, डेव्हलपरचा द्या. मी हसलो नाही, याची नोंद घ्यावी. बाईंचा दोष नाही, त्यांच्या कागदावर डेव्हलपर नावाचा माणूस कधी फोन करत नसणार. पण मग त्यांनी वरिष्ठांना जोडलं, आणि वरिष्ठ म्हणाले, "गाँव में अनपढ़ लोग कोई भी फाइल डाल लेते हैं सर, इसीलिए कंपनी को ये करना पड़ता है." वर सल्ला, फॅक्टरी रीसेट करून बघा. म्हणजे वाचलेले फोटोसुद्धा जाऊ द्या!

साहेब, ज्या अडाण्यांनी रोख मोजून तुमचा फोन घेतला ते हेच. तेव्हा तुम्ही शिक्षण विचारलं नव्हतं.

फसवणुकीच्या फाइली येतात, हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. लग्नपत्रिका म्हणून एपीके येते, वाहनाच्या चलानाची येते, पीएम किसानच्या नावानेही येते. त्या एसएमएस वाचायची परवानगी मागतात, कारण त्यांना ओटीपी हवा असतो. त्या अडवा, मी स्वतः तुमची बाजू घेईन. पण जे ॲप एसएमएस मागत नाही, नेट मागत नाही, ते आणि त्या फसव्या फाइली एकाच लाल पडद्यात कशा बसतात? परवानग्या वाचल्या तर शेंबडं पोरही फरक सांगेल. स्टोअरलाही माझा विरोध नाही. बँकेचं ॲप मी तिथूनच घेतो. चार घरांच्या हिशोबाला मात्र तुमच्या दुकानाचा परवाना कशाला? एफ-ड्रॉइड हे मुक्त ॲपचं भांडार २०१० पासून स्टोअरबाहेर ॲप वाटतंय. युरोपात तर कायद्यापुढे ॲपलनेही मार्च २०२४ मध्ये दुसऱ्यांच्या ॲप-दुकानांना दार उघडलं. आणि इकडे ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की स्टोअरबाहेरच्या डेव्हलपरलाही ओळख पडताळून घ्यावी लागेल. त्यावर माझं मत वेगळं आहे, ते इथे नको. निदान तिथे विचारणार आहेत, कोण बाबा तू. तुम्ही विचारलंही नाही, थेट पुसलं.

पुन्हा सांगतो, कारण पुन्हा-पुन्हा सांगूनही नोंद झालेली नाही: डेटा गेला. ॲप मी परत टाकून देईन. कार्तिकातलं वजन कुठून आणू?

तुमचा फाइल मॅनेजर जाहिराती दाखवतो, गेम आपोआप उतरतात, ते तर काढताही येत नाहीत. आधी मीच लोकांना सांगायचो, हाच घ्या, पैशाला पुरतो. या दिवाळीला भाच्याला दुसऱ्या कंपनीचा घ्यायला लावला.

मला हवं ते असं: 'तरीही ठेवा' हे बटण 'साफ करा'एवढंच मोठं करा, काढण्याआधी डेटा जाणार हे मराठीत लिहा, आणि त्या वरिष्ठांचं वाक्य तुमचं अधिकृत धोरण आहे का ते लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. म्हणजे तारखेला यायचं तुम्हाला. नागपूरहून एसटी आहे.

आपला ग्राहक
(आणि त्या ॲपचा डेव्हलपर. नंबर तुमच्याकडे दोनदा नोंदवलेला आहे.)