सव्वा मूठ गहू

ती. आई व आप्पांस,
सा. न. वि. वि.

परवा ताईचा फोन आला होता. यंदाही कानबाई देवीचे रोट आहेत म्हणाली. गेल्या वर्षी मी आलो नाही, तरी आई, तू रोटांसाठी घरातल्या पुरुषांबरोबर माझ्याही नावाचे सव्वा मूठ गहू काढलेस आणि आप्पा त्यावर काही बोलले नाहीत, हेही तिनेच सांगितलं. त्या न बोलण्यावर मी वर्ष काढलंय.

आखाजीच्या सणाला तुम्हाला सांगितलं, तेव्हा मात्र आप्पा बोलले होते. ‘केळीवर सीएमव्ही रोग आला तर झाड उपटावंच लागतं, नाहीतर मळा जातो.’ आदल्या पावसाळ्यात आपण दोघांनीच तशी झाडं उपटून बांधापलीकडे गाडली होती, म्हणून अर्थ लगेच लागला. तुम्ही चिडून बोलला असता तर सोपं गेलं असतं. तुम्ही शेतीचं बोलतात तसं शांतपणे बोललात.

आप्पा, हा रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, मी तेव्हा बालवाडीत होतो. तुम्ही मला ज्या डॉक्टरांकडे नेलंत ते म्हणाले, ‘लग्न लावून द्या, सुधरेल.’ असला इलाज करणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलंय. आणि त्या लग्नातल्या मुलीचं काय झालं असतं? आपल्या ताईसाठी असं स्थळ चाललं असतं?

दमायला होतं ते पहारा देऊन. शाळेत पोरं ‘बायल्या’ म्हणायची, तेव्हापासून मी स्वतःची चाल बघत चालतो. ऑफिसात ‘घरी कोण असतं?’ विचारलं की ‘तो’चं ‘ती’ करतो, मग काल काय सांगितलं ते आज लक्षात ठेवतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आम्हाला गुन्हेगार ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून मोकळं केलं, त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. संध्याकाळी आप्पांचा फोन आला, केळीच्या भावाचा. मी भावाबद्दलच बोललो. मधे वर्षभर झोप नव्हती. आई, तू ‘जेवना का रे भाऊ?’ विचारायचीस आणि मी उपाशीपोटी हो म्हणायचो.

आता बरा आहे. एका समुपदेशक बाईंकडे जातो. त्या सुधरवत नाहीत, ऐकतात. रविवारी आम्ही दहा-बाराजण जमतो. त्यातला एक धुळ्याचा आहे, त्याच्याशी अहिराणीत भांडता येतं, हे औषधापेक्षा कमी नाही. आणि ‘रूममेटलाही दे’ म्हणून आई, तू जे बिबडे पाठवतेस, ते सात वर्षं तोच तळतोय. मी तळले की करपतात. तो रूममेट नाही, हे तुला बहुतेक आधीपासून माहीत असावं. नाहीतर डबा दोघांचा का भरतेस?

त्याला आत्ता आणत नाही. तुम्ही बोलवाल तेव्हा येईल. भाऊबंदांना काय सांगायचं तेही तुम्हीच ठरवा. माझ्यासाठी गावाशी भांडा असं मी म्हणत नाही. फक्त माझ्यासमोर स्थळांचे फोटो काढू नका.

मी गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी चोपड्याला उतरेन. आप्पा, स्टँडवर यायची गरज नाही, आलात तर बरं वाटेल. आई, गहू अजून मोजले नसशील तर थांब. माझी मूठ मी भरतो.

तुमचा,
भाऊ