रोग तीस वर्षांनी उमटतो, मुदत मात्र दोन वर्षांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिफायनरी म्हटले की लोकांना आग आणि गॅसगळती आठवते. आयुष्यभर मेंटेनन्समध्ये फिटर म्हणून राबल्यावर मला धास्ती वाटते ती धुळीची. वाफेच्या लाइनी, बॉयलर, हीटर यांच्यावरचे जुने लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे वेष्टन, ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे असायचे. शटडाऊन लागला, म्हणजे दुरुस्तीसाठी युनिट बंद केले, की ते हातोडीने फोडून पाडायचे आणि पोत्यांत भरायचे. व्हॉल्व्हच्या ग्लँडमधली, गळती रोखणारी ॲस्बेस्टॉसचीच जुनी दोरी उपसायची, फ्लँजला, म्हणजे पाइपांच्या जोडाला, चिकटलेली गास्केट खरवडायची. वेल्डिंगच्या ठिणग्या अडवायला पडदाही ॲस्बेस्टॉसच्याच कापडाचा. तोंडावर फार तर रुमाल. कपडे घरी धुतले जायचे, म्हणजे ही धूळ घरच्या बायकांच्याही छातीत जात होती.

ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात शिरले की सहजासहजी बाहेर पडत नाहीत. फुप्फुस कडक होऊन दम लागणारा ॲस्बेस्टॉसिस हळूहळू वाढतो. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. तिथला डॉक्टर बिडी ओढता का विचारतो, क्षयाची औषधे सुरू करतो. मेसोथेलिओमाचा बिडीशी संबंध नाही, पण ‘तुम्ही काम कुठे करत होता’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आता कायदा पाहा. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीत, ॲस्बेस्टॉसिस होता, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमाही होता. म्हणजे हक्क कागदावर आहे. पण दावा दोन वर्षांत करायचा. नोकरी सुटल्यानंतर लक्षणे दिसली, तर ती दिसल्या दिवसापासून मुदत मोजण्याची सवलत आहे खरी, पण लक्षणे नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसली तरच. तीस वर्षे दबा धरून बसणाऱ्या रोगाला ही सवलत काय कामाची? निवृत्तीनंतर रोग जडला तर तो कामामुळेच जडला, हे सिद्ध करण्याचा भारही आजारी माणसावर. उशिराचा दावा पुरेसे कारण दाखवल्यास दावा ऐकणारे अधिकारी दाखल करून घेऊ शकतात. ही वाट कामगारांना कोणी सांगत नाही, म्हणून मी इथे मुद्दाम लिहितो आहे.

सिद्ध करायचे म्हणजे कागद हवेत. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर, ॲस्बेस्टॉसशी संबंधित उद्योगांना बजावले होते की प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर जपा. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असेही त्याच निकालात आहे. रिफायनरीत ॲस्बेस्टॉस बनत नव्हते, वापरले आणि फोडले जात होते. फुप्फुसाला हा फरक कळत नाही, तेव्हा नोंदीचा हा नियम रिफायनऱ्यांनाही लावलाच पाहिजे.

सगळ्यात वाईट दशा कंत्राटी खलाशांची, म्हणजे हाताखालच्या मजुरांची. लॅगिंग फोडायला बहुतेक वेळा तेच असत. शटडाऊन संपला की ठेकेदार दिसत नसे, हजेरीपुस्तकही त्याच्याबरोबर जाई. 1923 च्या कायद्याचे 12 वे कलम मात्र सांगत होते की कंत्राटी कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकाने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी.

अमेरिकेत टेक्सासच्या रिफायनऱ्यांत आणि गोद्यांत लॅगिंगचे काम करणारे क्लॅरेन्स बोरेल 1969 मध्ये थेट ॲस्बेस्टॉस बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध न्यायालयात गेले. निकाल लागण्याआधीच ते वारले, पण 1973 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निकाल कायम केला आणि पुढे असे हजारो दावे उभे राहिले. आपल्याकडे हा माल विकणाऱ्याला कोणी जाबही विचारलेला मी पाहिला नाही.

1923 चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घ्यायचे संसदेने 2020 मध्येच ठरवले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती संहिता लागू झाली. अशा रोगांसाठी मुदत निदानाच्या तारखेपासून मोजावी, एवढा बदल केंद्राने करावा. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने जुन्या युनिटांमधल्या मेंटेनन्स कामगारांची, कंत्राटींसह, यादी करून निवृत्तीनंतरही त्यांची छाती तपासण्याची सोय करावी.

आणि माझ्या जुन्या सोबत्यांनो, गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद रद्दीत घालू नका. डॉक्टरांकडे जाल तेव्हा लॅगिंग आणि गास्केटचे काम किती वर्षे केले ते आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

आपला,
एक निवृत्त फिटर, पनवेल